हनुवटीखाली दोन बोटं

११ जानेवारी

दादा,

खुशालीची चौकशी करत नाही. रागावले आहे.

ऑक्टोबरात वहिनी गेली, त्यानंतर तुझं एक पत्र नाही. माझी पत्रं वाचलीस की वस्तरा पुसायला घेतलीस, कळायला मार्ग नाही. कारखान्यातल्या मैत्रिणीनं तिच्या फोनवरून तुला व्हिडिओ कॉल लावून दिला, तर तू फोन छताकडे धरलास. मी तुझा पंखा बघितला. पुसायला झालाय.

त्या दिवशी मला यायला उशीर झाला, हे कबूल. गाडी वाटेत बंद पडली. पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं, लोक पांगले होते, तू भिंतीला लागून खुर्चीत बसला होतास. मी समोर येऊन उभी राहिले आणि तू तोंड फिरवलंस, भिंतीकडे. गाल हलताना दिसला, म्हणजे काहीतरी बोलत होतास. पण भिंतीशी. मी काय भिंतीत शिरू?

दादा, सहाव्या वर्षी तापात माझे कान गेले. आई रडत बसली, बाबा डॉक्टरांचे उंबरे झिजवत राहिले. तू मला उचलून दुकानातल्या खुर्चीवर बसवलंस, गिऱ्हाइकाचं कापड गळ्याशी बांधलंस, मागे उभा राहिलास आणि आरशातून बोलायला लागलास. कात्री. कंगवा. माकड. माकड म्हणताना माझ्याकडे बोट दाखवायचास. लोकांचे ओठ वाचायला मी तुझ्या तोंडावरून शिकले. मला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून मी ओरडते, म्हणून माझं नाव भोंगा, तेही तूच ठेवलंस. आणि घरात नियम केलास, भोंग्याशी बोलायचं तर तोंड तिच्याकडे करून. आई विसरायची, बाबा विसरायचे, तू कधी विसरला नाहीस.

मग त्या दिवशी काय झालं? उशीर झाला म्हणून एवढा राग? मी अजून तुझी कोणी लागते का, एवढंच लिही. लागत नसेन तर तसं लिही.

भोंगा


२४ जानेवारी

भोंग्या,

पत्र मिळालं. वस्तरा मी कापडाला पुसतो.

दुकान चालू आहे. बायको गेली म्हणून लोकांचे केस वाढायचे थांबत नाहीत. सकाळी शटर वर करतो, संध्याकाळी खाली करतो, मधलं आठवत नाही. मला रडू आलेलं नाही. लोक म्हणतात, मोठा धीराचा माणूस. मी म्हणतो, हो. परवा चहानं जीभ भाजली, ते कप ठेवल्यावर कळलं.

पंखा तुझी वहिनी पुसायची.

तू विचारतेस, माझी कोण. त्या दिवशी मी तुझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. तू समोर उभी होतीस, माझ्याकडेच बघत होतीस. मग पिशवी उचललीस आणि आल्या पावली परत गेलीस. तुला कळलं नसेल असं कसं म्हणू? बाकीच्यांना ओरडून सांगावं लागतं ते तुला नुसत्या ओठांवरून कळतं.

मी रागावलेलो नाही. रागवायला आत काहीतरी जागं लागतं. तब्येत ठीक आहे.

दादा


१ फेब्रुवारी

दादा,

काय मागितलंस? पत्र मिळाल्यापासून हेच डोक्यात आहे. काय मागितलं होतंस?

मला तुझा उजवा कान दिसत होता. कानामागचा तीळ दिसत होता. कानावर काही लिहून येत नाही रे. तू काही मागितलंस आणि मी ते झिडकारून गेले, असं समजून तू इतके महिने मूग गिळून बसलास? मला वाटलं, हा माझं तोंड बघायला तयार नाही, मग थांबून कशाला त्रास द्या. गाडीत बसल्यावर रडले. म्हणजे ओरडलेच असणार, कारण समोरच्या बाईनं जागा बदलली.

दुसरं एक. मी इथे दिवसभर काचेच्या बाटल्या उजेडापुढे धरून तडे शोधते. यंत्रांचा एवढा आवाज असतो म्हणे, की सगळे कानात बोळे घालतात. मला फुकटात मिळालेत. तर तडा शोधायची डोळ्यांना सवय आहे, आणि तुझ्या पत्रात तडा आहे. तुझं अक्षर फूटपट्टीसारखं सरळ असायचं. या पत्रातल्या ओळी सगळ्या उतरणीला लागल्यात, शेवटचे शब्द पार कोपऱ्यात जाऊन पडलेत. कागद तिरका ठेवून लिहितोस का? की पितोस? पीत असलास तर सांग, मी काही आभाळ कोसळल्यासारखं करणार नाही.

आणि काय मागितलंस ते आधी लिही.

भोंगा


१५ फेब्रुवारी

भोंग्या,

पीत नाही. प्यायलो तर वस्तऱ्याचं काय होईल?

मान आहे. माझी मान डावीकडे वळते. आपोआप. सरळ करायला गेलो की कुणीतरी केस धरून ओढल्यासारखी परत जाते, आणि मध्ये मध्ये हिसके देते. तुझी वहिनी आजारी पडायच्या आधीच सुरू झालं होतं. आधी वाटलं उशी बदलली म्हणून, मग वाटलं वारा लागला. तिचं दुखणं मोठं निघालं, मग माझ्या मानेकडे बघायला कुणाला वेळ होता?

घरात चालून जायचं. तिला एक सवय लागली होती. चहा देताना, जाता येता, ती माझ्या हनुवटीखाली दोन बोटं लावायची. दाबायची नाही, नुसती लावायची. आणि मान सरळ यायची. आम्हाला वाटायचं ही आमच्यातली गंमत आहे. ती म्हणायची, बघा, जगाच्या माना तुम्ही सरळ करता आणि तुमची मी. शेवटी अंथरुणातून तिचा हात पोचेना, तर मी वाकून हनुवटी तिच्या बोटांवर नेऊन ठेवायचो.

दुकानात मी खुर्ची फिरवून घेतली. गिऱ्हाईक जरा आडवं बसवलं आणि तिरक्या नजरेनं आरशात बघत कापायला शिकलो. वर्षभर कुणाला कळलं नाही. गिऱ्हाइकाचं लक्ष स्वतःच्या तोंडाकडे असतं, न्हाव्याच्या मानेकडे कोण बघतो? ती गेल्यावर मात्र फार वाढलं. त्या दिवशी तर मान भिंतीला जाऊन चिकटली होती.

तर मी तोंड फिरवलं नव्हतं, भोंग्या. ते फिरलं होतं. मी डोळे तुझ्याकडे ओढून धरले होते, तू दिसत होतीस, म्हणून मला वाटलं मीही तुला दिसतोय. तू वाचलंस असंच मी धरून चाललो. आज तुझं पत्र वाचलं आणि बाकावर बसून राहिलो. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दाढ बधीर केल्यावर गाल चावला जातो, रक्त दिसतं पण दुखत नाही, तसं झालंय सगळं.

शेजारचा चष्मेवाला मला ओढून डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्याचं काम डोळ्यांचं, त्याला दिसलं. डॉक्टरीण म्हणते, मेंदू मानेच्या स्नायूंना चुकीचा हुकूम सोडतो, डिस्टोनिया म्हणतात. तिनं विचारलं, "कुठे हात लावला की मान सरळ होते, अशी एखादी जागा आहे का? बऱ्याच जणांना असते." बऱ्याच जणांना! मी म्हटलं, आहे. मग म्हटलं, होती. स्वतःचं बोट लावलं तरी थोडी येते, पण बोट काढलं की जाते, आणि माझ्या धंद्यात दोन्ही हात लागतात.

मानेत इंजेक्शनं द्यायची म्हणते. मी अजून हो म्हटलेलं नाही. मान सरळ झालीच तर बघायचं कुणाकडे?

मागितलं ते आता शिळं झालं. सोड.

दादा


२१ फेब्रुवारी

दादा,

बघायचं कुणाकडे, असं विचारतोस? तुला एक बहीण आहे. बहिरी आहे, आंधळी नाही.

तुझं पत्र वाचून मी कारखान्यात पहिल्यांदा तडा गेलेली बाटली पुढे जाऊ दिली. मुकादम येऊन कायकाय बोलला. मी त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही, त्यामुळे काय बोलला ते कळलं नाही. हा एक फायदा आहे बघ.

मला फार वाईट वाटतंय. तुझ्या वाटचंही मीच वाटून घेते हवं तर. इतके महिने तू समजत होतास मी पाठ फिरवली, मी समजत होते तू फिरवलीस, आणि दोघांनीही फिरवली नव्हती. मी नुसती दोन पावलं पुढे येऊन तुझ्या खांद्याला हात लावला असता तर? नाही लावला. मानी ना मी.

इंजेक्शन घे. मी सांगते म्हणून घे. आणि मागणं शिळं झालं की ताजं, ते मला ठरवू दे. लिही.

भोंगा


१२ मार्च

भोंग्या,

घेतलं.

चष्मेवाला बरोबर आला होता. हे औषध म्हणजे मूळचं विष आहे, नासलेल्या डबाबंद अन्नात तयार होतं, पोटात गेलं तर माणूस दगावतो. त्याचाच अगदी बारीक अंश वापरतात. नट्या सुरकुत्या घालवायला घेतात तेच. चष्मेवाला डॉक्टरणीला म्हणाला, "उरलं तर कपाळालाही मारा याच्या, दुसरं लग्न लावून देऊ." ती हसली. मीही तोंड हसल्यासारखं केलं.

सुई एका यंत्राला जोडलेली असते. स्नायूत शिरली की यंत्रातून आवाज येतो, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा तडतड. जिथे तडतड जास्त, तो स्नायू चुकार, तिथे औषध सोडायचं. माझी मान आतून एवढा आरडाओरडा करत असेल असं वाटलं नव्हतं. बाहेर मी गप्प आणि आत हा गोंगाट. डॉक्टरीण डोळे मिटून ऐकत होती. गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून हात फिरवून बाबा भोवरा शोधायचे, तेव्हा त्यांचं तोंड असंच व्हायचं.

मी विचारलं, यानं बधीर होतं का? ती म्हणाली, "नाही, स्पर्श सगळा कळतो. स्नायू फक्त सैल पडतो, हुकूम ऐकेनासा होतो. आठवडाभरात कळेल. तीन एक महिने टिकतं, मग पुन्हा घ्यायचं." मी म्हटलं, बरं. मला स्पर्शाची काही गडबड नव्हती.

अजून काही फरक नाही. मान तिकडे आणि मी इकडे.

तू तीनदा विचारलंस म्हणून सांगतो. मागितलेलं मी लिहिणार नाही. तोंडानं मागितलं होतं, ते कागदावर भिकेसारखं दिसतं. मान सरळ आली आणि तू कधी समोर आलीस, तर तेव्हा बघू. नाही आली तर नाही.

दादा


२८ मार्च

भोंग्या,

मान सरळ आली.

सकाळी दात घासताना आरशात बघितलं तर एक म्हातारा समोरून माझ्याकडे बघत होता. बराच वेळ बघितलं. हनुवटीला हात लावून पाहिला. लावायची गरज नव्हती. ते काही बरं वाटलं नाही. इतके दिवस मान वळली की तिच्या बोटांची आठवण व्हायची, आता तेही निमित्त गेलं.

मग दुकानात गेलो आणि गाढवपणा केला. खुर्ची पूर्वीसारखी सरळ लावली, पहिलं गिऱ्हाईक चष्मेवाला. मान सरळ, नजर सरळ, हात मात्र तिरक्या मानेनं शिकलेले. त्याचे कल्ले कापले ते एक कानाच्या वर आणि एक कानाच्या खाली. मला आरशात दोन्ही सारखे दिसत होते, देवाशपथ. तो घरी गेला, बायको हसली, तो परत आला. म्हणाला, "अरे, माझ्या चष्म्याच्या काड्या बिघडल्या असं समजून मी तासभर त्या वाकवत बसलो!" त्यानंतर आणखी दोघांचं तसंच झालं. तिसरा उठून पैसे न देता गेला. या वयात मी पुन्हा बाकावरच्या मडक्यावर वस्तरा फिरवून हात बसवतोय, बाबांनी शिकवला होता तसा.

आणि आता ऐक. आवाज गेला. औषध जरा शेजारी झिरपलं म्हणे. घास गिळायला जड जातो, आणि घशातून नुसती हवा निघते. डॉक्टरणीनं तपासलं, मऊ खा, घोट घोट प्या, गिळवेनासं झालं तर लगेच या, काही आठवड्यांत आवाज परत येईल, असं सांगितलं. पुढच्या वेळी कमी देईन म्हणाली. मी मान हलवून नाही म्हटलं. पुढची वेळ नको. रोगापेक्षा इलाज भयंकर. गिऱ्हाइकाला "मान जरा खाली" सांगायला तोंड उघडतो तर काही बाहेर पडत नाही. लोक समजतात मी शिष्ट झालोय. न्हाव्याचं निम्मं दुकान तोंडावर चालतं.

वाकडा होतो तेव्हा बोलता येत होतं. सरळ झालो तर मुका. आता तू आलीस तरी मागायला आवाज नाही, म्हणजे तो विषय संपला. दुकान विकून टाकावं असं मनात आहे. तसं दुःख नाही. काहीच नाही.

दादा


१ एप्रिल

दादा,

तू खरंच गाढव आहेस. कल्ल्यांमुळे नाही.

माझ्यापुढे आवाज काय करायचाय तुला?

शनिवारी दुपारी पोचते. खुर्ची रिकामी ठेव. परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं काढलंय, सुट्टी मिळाली नाही.

भोंगा


१८ एप्रिल

प्रिय भोंग्या,

तुला जे ऐकू आलं नाही ते सांगायला हे पत्र लिहितोय. जे दिसलं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तू आत आलीस तेव्हा बाकावर चार माणसं होती आणि सगळी बोलत होती. निवडणूक, उकाडा, कुणाची तरी सून. तू कुणाकडे न बघता सरळ खुर्चीवर जाऊन बसलीस, आणि मी सवयीनं कापड झटकून तुझ्या गळ्याशी बांधलं. कापडाच्या झटक्याचा फटकन आवाज होतो, तो तुला लहानपणी हवेतून कळायचा. या वेळीही तू डोळे मिटलेस.

मग मी मागे उभा राहिलो. आरशात तू आणि तुझ्या डोक्यावर मी. बाबांच्या वेळचाच आरसा, फक्त मधे आपण दोघं पिकलो. मी बोलणार, तर तू मान खाली घातलेली. खांदे हलत होते. आवाज म्हणशील तर तुझ्या नाकातून बारीक शिट्टी वाजत होती, बाकावरच्यांना वाटलं तुला सर्दी झालीय. तुझी मान खाली, म्हणजे मी काय बोलणार आणि तू काय वाचणार? हाक मारायला आवाज नाही, आणि असता तरी तुझ्यापुढे काय उपयोग. तेव्हा मी तुझ्या हनुवटीखाली दोन बोटं लावली. दिवसातून पन्नास वेळा लावतो तशी, गिऱ्हाइकाला लावतात तशी. तुझी मान वर आली.

त्या बोटांना तुझं पाणी लागलं. गरम होतं. चहाचा कप कळत नव्हता मला, हे कळलं.

मग मी म्हटलं, जे तेव्हा म्हटलं होतं. "आज जाऊ नकोस. घरात एकट्यानं राहवणार नाही मला." दुकानात चार माणसं होती, एकालाही पत्ता नाही. त्यांनी नुसता एक न्हावी तोंड हलवताना बघितला असेल. तुला मात्र सगळं कळलं. आणि तू बोललीस.

भोंग्या, तू केवढ्यानं बोललीस याची तुला कल्पना नाही. "एवढंच? एवढंच मागितलं होतंस? मेल्या, मी राहिले असते ना!" रस्त्यापलीकडचं कुत्रं भुंकायला लागलं. चष्मेवाला पळत आला, त्याला वाटलं आरसा फुटला. निवडणूक बंद, उकाडा बंद. आणि मग मी रडलो. माझ्या रडण्याला आवाज नव्हता. तू म्हणशील, मला दिसलं की. दिसलं असणार. सहा महिने जे आलं नव्हतं ते सगळं आलं, चार गिऱ्हाइकांसमोर, हातात कात्री घेऊन. फार दुखलं. तुला खरं सांगतो, इतकं दुखेल असं वाटलं नव्हतं, आणि मला ते थांबायला नको होतं.

तू तिकीट फाडलंस, त्याचा आवाजही मी ऐकला. चार दिवस राहिलीस. मुकादमानं काय केलं ते कळव. तू पंखा पुसलास, त्यानं आता वारा जास्त लागतो. तू गेल्यापासून घर पुन्हा गप्प आहे, मन जड आहे, तिची आठवण आली की घास अडतो. पण ते औषधामुळे नाही. घशाला आता बरं आहे, आवाजही फाटका फाटका परत आला. पहिला शब्द चष्मेवाल्याला उद्देशून होता, इथे लिहिण्याजोगा नाही. त्याचे कल्ले परवा सारखे कापले, त्यानं पट्टी आणून मोजले. दुकान विकत नाही.

काल डॉक्टरणीकडे गेलो होतो. पुढचं इंजेक्शन जूनमध्ये. ती म्हणाली, या वेळी औषध कमी देते, मान थोडी वळलेली राहिली तरी चालेल ना? आवाज तेवढा वाचेल. मी म्हटलं, बाई, आवाज गेला तर जाऊ दे. मान सरळ पाहिजे. माझी बहीण यायची आहे.

तुझा,
दादा